तोंडात ठेवलेलं पान

काशीत जन्मलेल्या माणसानं मरायला दुसरीकडे जाऊ नये, हे आमच्या घरी कुणाला शिकवावं लागत नसे. वडील रामघाटावर पौरोहित्य करत, आणि महाराष्ट्रातून मरायला आलेली म्हातारी माणसं आमच्याच तळमजल्यावर उतरत. असा मी नकाशे काढायला शिकलो आणि रेल्वेच्या एका साहेबाबरोबर थेट बोलिव्हियात पोचलो. हौस दांडगी, दुसरं काय.

आगबोट सोडल्यापासून नुसती चढण होती. झाड नाही, सावली नाही, खुरटं पिवळं गवत आणि लांबवर बर्फाचे डोंगर. खिंडीखिंडीत दगडांचे ढीग दिसत. त्या समाध्याच असणार, असं मी धरून चाललो आणि खेचरावर जीव मुठीत धरून बसलो. रोज डोकं ठणके, नाकातून रक्त येई. इथं मेलो तर गंगा कुठली आणि मणिकर्णिका कुठली, हा एकच विचार मनात होता.

सगळ्यांत उंच खिंडीत माझा श्वासच संपला. साहेब पुढे गेला होता. खेचरवाल्या म्हाताऱ्यानं मला खाली उतरवून घोंगडीवर निजवलं. कमरेची पिशवी सोडून त्यानं तीन हिरवी पानं निवडली, डोंगराकडे धरून काहीतरी पुटपुटला आणि ती माझ्या ओठांशी आणली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पान, मंत्र आणि आडवा पडलेला माणूस, हे मी घरी लहानपणापासून पाहत आलो होतो. म्हणजे ह्यानं माझं ठरवूनच टाकलं. मी दात घट्ट आवळले आणि मान हलवत राहिलो. रडलोही, ते लपवत नाही.

म्हाताऱ्याला काही उमजेना. शेवटी त्यानं ती पानं स्वतःच्याच तोंडात टाकली, गालाशी सारून चघळली आणि हसला. मरणाऱ्याचं पान कुणी स्वतः खात नाही, एवढं मला कळलं. दुसरी पानं त्यानं पुढे केली तेव्हा मी तोंड उघडलं. कडू होती. गाल बधिर झाला आणि हळूहळू श्वास ठिकाणावर आला. ती कोकाची पानं, चढणीवर इथले सगळेच चघळतात, असं साहेबानं नंतर सांगितलं.

पुढच्या वाटेवर आमच्या तळमजल्यावर उतरलेल्या साताऱ्याकडच्या एक आजी सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या. वडिलांनी तुळशीचं पान पुढे केलं तेव्हा त्यांनी दात आवळले होते, मान हलवत होत्या.

"दातखीळ बसली आहे," वडील मला म्हणाले, "जबडा दाब जरा. जल्दी कर, वेळ निघून जाईल."

मी एकोणीस वर्षांचा होतो, हातात जोर होता. मी दाबला. आजी माझ्याकडेच बघत होत्या.

दातखीळ नव्हतीच ती. त्या नाही म्हणत होत्या.