काचेतली वेणी

धाकटीचं डोकं एकदा फिरलं की त्याला फणी लागत नाही, असं तिचा नवरा म्हणायचा. तो गरीब माणूस. डोक्यांबद्दल बोलायची त्याला सवयच लागली होती, कारण घरचा धंदाच डोक्यांचा. थोरल्या जावेचं केसांचं दुकान होतं. पुढे आरसे नि खुर्च्या, मागे डोकी धुवायची मोरी, आणि मोरीपलीकडच्या खोलीत हा नरसाळं घेऊन दिवसभर बाटल्यांत तेल भरत बसायचा. तेल थोरलीने स्वतः शोधलेलं. कापूर, पुदिना आणि अजून काय काय. लावलं की टाळूला झिणझिण्या यायच्या. झिणझिणतंय म्हणजे वाढतंय, असं थोरली सांगायची आणि बायका माना डोलवायच्या. मिरची चोळली असती तरी झिणझिणलंच असतं, पण हे तिला सांगणार कोण?

धाकटीने ते तेल कधी डोक्याला लावलं नाही. तिचं डोकं दुखायचं त्याने. आणि तिला गरजही नव्हती. तिची वेणी कंबरेखाली रुळायची, जाड, काळीभोर, शेंड्याला कुरळी. खुर्चीत बसलेल्या बायका आरशात स्वतःकडे कमी आणि मागे उभ्या असलेल्या धाकटीकडे जास्त बघायच्या. थोरलीला ते दिसत होतं.

मग धाकटी तापाने आडवी पडली. काही दिवस तिला शुद्धच नव्हती. जाग आली तेव्हा तिचा हात सवयीने मानेमागे गेला आणि हाताला काही लागलंच नाही.

"अगं, डॉक्टरच म्हणाले," थोरली उशाशी बसून सांगत होती. "सगळी ताकद केसांत जातेय, काढून टाका. तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

हिंडाफिरायला लागल्यावर धाकटी आधी डॉक्टरांकडे गेली. ते चकित झाले. "मी कशाला असं सांगू? मोठ्या तापानंतर काही महिने केस गळतात, मग आपले आपण परत येतात. कापून काय मिळणार?"

घरी जाताना ती दुकानावरून गेली. दर्शनी भागात नवं काचेचं कपाट होतं. आत निळ्या मखमलीवर तिची वेणी, आणि खाली ठळक अक्षरांत पाटी: 'आमच्या तेलाची किमया'. केसाने गळा कापणं म्हणतात ते धाकटीने तोवर फक्त ऐकलं होतं.

ती आत गेली. "जाऊबाई, माझी वेणी मला द्या."

"तुझी कसली? घराची आहे ती," थोरली हसत म्हणाली. "तिच्यावर सगळ्यांचं पोट आहे. तुझ्या नवऱ्याचंही. आणि हे बघ, केस येईपर्यंत डोक्याला रुमाल बांध आणि मोरीवर बस. असलं भुंडं डोकं गिऱ्हाइकाला दिसायला नको."

धाकटी मोरीवर बसली. पण डूख धरला तो असा की नागिणीने तिच्याकडे शिकवणीला यावं.

एरवी माणसं रागाने जेवण सोडतात, ही रागाने जेवायला लागली. अंडी, कडधान्यं, पालेभाज्या, समोर येईल ते निमूट चावून खायची. वेळेवर झोपायची. ओल्या केसांत कधी फणी घालायची नाही, घातली तर मोठ्या दातांची, हलक्या हाताने, शेंड्याकडून वर. बोटांच्या पेरांनी टाळू चोळायची, नखं लागू द्यायची नाही. फाटलेली टोकं छाटायची. केस म्हणजे काही गवत नव्हे, महिन्याला जेमतेम बोटाच्या रुंदीएवढे वाढतात आणि त्यांना घाई करता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिलाही घाई नव्हती. मोरीवर डोकं धुवायला आलेल्या बायकांच्या कानातही ती हेच सांगायची. कपाळावरचे केस विरळ झालेल्या नर्सबाईंना ती म्हणाली, "बाई, अंबाडा इतका आवळून बांधू नका. मुळं ओढली जातात. सैल बांधा, येतील परत." नर्सबाईंचे आले. श्रेय तेलाला गेलं.

आता त्या दुकानातली मोजायची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाई पहिल्यांदा आली की तिच्या टाळूपासून केसांच्या टोकापर्यंत सुती दोरा धरायचा, तिथे कापायचा आणि तिच्या नावाच्या खुंटीला टांगायचा. महिनाभर तेल लावायचं. महिन्याने दुसरा दोरा कापायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी धरायचे. दुसरा पहिल्यापेक्षा चांगला चार-पाच बोटं लांब निघायचा! बाई आनंदाने अजून एक बाटली घेऊन जायची.

यातली गोम अशी. पहिला दोरा बाई घरून यायची तशी, कोरड्या केसांवर कापला जायचा. दुसऱ्याच्या वेळी केस तेलाने चिकट, म्हणून आधी मोरीवर धुवायचे आणि मग ओल्यावरच, विंचरून, दोरा धरायचा. त्या भागातल्या बहुतेक बायकांचे केस कुरळे, धाकटीचेही. कुरळा केस ओला करून विंचरला की सरळ होऊन लांब लोंबतो, वाळला की वर चढतो. घरी गेल्यावर बायकांचे चढायचे, तेव्हा त्या हवेला दोष द्यायच्या. ज्यांचे केस सरळ, त्यांचा दोरा फारसा वाढायचा नाही. त्यांना थोरली सांगायची, "तुमची श्रद्धा कमी पडते." तिचे स्वतःचे केस काठीसारखे सरळ. ओले काय नि कोरडे काय, तिला फरक कधी दिसलाच नव्हता. तिचा तेलावर मनापासून विश्वास होता. लबाडी असती तर एखादवेळी तिने सावधगिरी तरी बाळगली असती.

धाकटीला हे कधीचं कळलं होतं. आधी घरचं पोट म्हणून ती गप्प बसली. आता ती वेगळ्या कारणाने गप्प होती.

केस खांद्याखाली आले तेव्हा दुकानात एक बातमी घुमत होती. एक ठोक व्यापारी थोरलीचं तेल गावोगावी न्यायला तयार होता, पण एकदा डोळ्यांनी बघू द्या म्हणत होता. थोरलीने धाकटीला मोरीवरून बाहेर बोलावलं.

"तापाने गेलेलं डोकं आणि आमचं तेल! याहून मोठा पुरावा कुठला? तुझाच दोरा धरू."

"धरा," धाकटी म्हणाली. "पण सगळ्यांसमोर ठरवा. दोरा वाढला तर वेणी कायमची तुमची. नाही वाढला तर काच उघडायची नि वेणी माझ्या हातात द्यायची."

"दिली!" थोरली खुर्च्यांवरच्या बायकांकडे बघून म्हणाली. "सगळ्या साक्षीला आहात."

"थांबा, डोकं धुऊन येते. दिवसभर मोरीवर घाम येतो," धाकटी म्हणाली. ती धुऊन आली आणि ओल्या केसांनी खुर्चीत बसली. थोरलीने स्वतःच्या हाताने ते विंचरून सरळ केले, दोरा धरला आणि कापला.

घरी नवऱ्याने तिचा डाव ओळखला. बाटल्या भरत असला तरी डोळे उघडे होते त्याचे. "अगं, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस. हे तेल गेलं तर मी काय करू?"

"अहो, मी शुद्धीवर नव्हते तेव्हा तुम्ही त्याच घरात होतात ना?" ती म्हणाली. त्याने मग महिनाभर त्या विषयाला हात लावला नाही.

महिनाभर थोरलीने रोज सकाळी धाकटीचं डोकं तेलाने न्हाऊ घातलं. डोकं दुखायचं, धाकटी दात आवळून बसायची. शेवटच्या दिवशी दुकान बायकांनी भरलं होतं. व्यापारी पुढच्या खुर्चीत होता. धाकटी घरून केस धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून आली.

"धुतलेस? बरं केलंस, वेळ वाचला," थोरली म्हणाली आणि दोरा धरला. कापला. खुंटीवरचा पहिला काढला. दोन्ही शेजारी धरले.

दुसरा दोरा चांगला तीन बोटं आखूड होता.

थोरलीने तो ओढून बघितला. दोरा ओढून कुठे वाढतो? व्यापारी खाकरला. "बाई, तेल केस वाढवायचं आहे की आटवायचं?"

कोणीतरी फिसकन हसलं. आणि मग शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई उठल्या. कापड भिजतं नि आटतं यात त्यांचा जन्म गेलेला. "थांबा. पहिला दोरा ओल्या केसांचा होता, मी इथेच होते. हा कोरड्यांचा. आणि आमचे सगळ्यांचे? आधी कोरडे, मग ओले! म्हणजे आमचं वाढलं काय? पाणी!"

बायका आपापल्या खुंट्यांवरचे दोरे ओढून घेऊन निघाल्या. व्यापारी त्यांच्याही आधी गेला. धाकटीला वाटलं होतं आनंद होईल, आणि खरंच झाला, पोटभर झाला. खोटं कशाला बोला?

दुकानात दोघीच उरल्या. थोरलीच्या हातात अजून ते दोन दोरे होते.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आधीपासून? मग बोलली का नाहीस मला?"

"तापात वेणी कापताना तुम्ही मला विचारलं होतंत?"

थोरली उठली. काच उघडली, मखमलीवरची वेणी काढून धाकटीच्या हातात दिली. मग आरशासमोर बसली आणि डोक्यावरचा केसांचा टोप काढला. गिऱ्हाइकांसमोर ती तो कधीच काढायची नाही. कपाळापासून कानांपर्यंत टाळू उघडी पडली होती, आणि मागे उरल्यासुरल्या केसांचा अंबाडा दगडासारखा आवळलेला.

"मी रोज लावते गं ते," ती आरशातल्या धाकटीकडे बघत म्हणाली. "सगळ्यांच्या आधी, पहाटे. मला वाटायचं माझीच श्रद्धा कमी पडते. आता काय करू मी? तुला कळतं यातलं. सांग ना."

धाकटीने त्या अंबाड्याकडे बघितलं. ओढल्या गेलेल्या मुळांकडे बघितलं. तिथे अजून बारीक लव होती. नर्सबाईंचंही असंच सुरू झालं होतं.

'सैल बांधा.' दोनच शब्द होते. ते तिच्या ओठांपर्यंत आले.

तिने वेणी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि घरी निघून गेली.