खिशातलं च्युइंगम

शेजारचे काका कोल्हापूरच्या गूळबाजारात दिवसभर ढेपा चाखतात. त्यात दाढा किडल्या, म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बिनसाखरेचं, झायलिटॉलचं च्युइंगम चघळायला सांगितलं.

"ग्वाड हाय, पण किडीला पचत न्हाय," हे ते अशा आवाजात सांगतात की पलीकडच्या गल्लीतल्यांचेही दात सुधारावेत.

काका तसे कुठंही पचकन थुंकणारे. हे च्युइंगम मात्र चघळून झालं की कागदात गुंडाळून खिशात ठेवतात. एकदा मी विचारलंच, "काका, ही शिस्त कुठनं आली?"

त्यांनी पायरीवरच्या कुत्र्याकडं बोट केलं. रोज संध्याकाळी ते त्याला गुळाचा खडा टाकतात.

"कुत्र्याला विष हाय हे. आणि मी टाकलेलं म्हटलं की ते वास बी न घेता गिळतंय."