डाकीण कोण म्हणालं

"आज ऊन फार आहे," असं कुणी म्हटलं, तरी पुरावाबाई विचारायच्या, "कालपेक्षा? कुणी सांगितलं?" माळीवाड्यातले दूधवाले, भाजीवाल्या त्यांच्याशी जपूनच बोलत. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं खरं नाव फारसं कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती दुष्काळाच्या वर्षी. मी कॉन्व्हेंटमधली, चारचौघांत तोंड न उघडणारी. त्यांना तेच हवं होतं. "तू वाच. मत देऊ नकोस," त्या म्हणायच्या. पुण्याहून मागवलेली जाड इंग्रजी पुस्तकं मी वाचायची आणि मराठीत सांगायची. शोध एकाच शब्दाचा होता, व्हॅम्पायर. तो पहिल्यांदा कुठे लिहिला गेला?

इंग्रजीत तो अठराव्या शतकात रुळला, सर्बियाकडच्या गावांतून गेलेल्या सरकारी अहवालांमुळे. गावात माणसं मरू लागली की नुकताच पुरलेला कुणी शेतकरी उठून रक्त पितो, असं शेजारी सांगत, त्याचं थडगं उकरत आणि अधिकारी ते लिहून घेत. त्याहून कितीतरी जुन्या एका रशियन हस्तलिखितात तसाच शब्द आहे, पण तिथे तो नक्कल करणाऱ्या धर्मगुरूनं स्वतःचं नाव म्हणून लिहिलाय. का, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. हे ऐकून बाईंनी ते वहीत उतरवलं. मग म्हणाल्या, "स्वतः लावून घेतला तर नाव होतं. शेजाऱ्यानं लावला की थडगं उकरतात."

हा खटाटोप कशासाठी, ते मला उशिरा कळलं. बाईंना सोनईकडच्या एका गावी दिलं होतं. दुसऱ्याच वर्षी नवरा क्षयानं गेला. तेराव्याला पंगत बसलेली असताना दीर सगळ्यांसमोर ओरडला, "माझ्या भावाचं रगत हिनंच पिलं. डाकीण हाय ही!" त्याच दुपारी बाईंना बैलगाडीत बसवून माहेरी धाडलं. जमिनीचा वाटा अर्थातच गाडीत नव्हता.

"विसरले नाही, पोरी," बाई मला म्हणाल्या. "विसरायला काही कारणच सापडलं नाही."

नगरच्या एका मासिकात रक्तपिपासूंना दिलेल्या अशा शब्दांवर त्यांचा लेख आला. शब्द दिला की तो कोण, कुणाला, कुठे म्हणालं तेही द्यायचं, ही त्यांची पद्धत. शेवटी आपल्याकडच्या शब्दांत डाकीण होती. तिच्याखाली दिराचं पूर्ण नाव, गाव, आणि पुढे, "भावजयीस उद्देशून, तेराव्याच्या पंगतीत. मृत्यूचं कारण क्षय." विशेषण एकही नाही. दीर तोवर गावचे अण्णासाहेब झाले होते, साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभे. छापण्याआधी मी ती नोंद वाचली आणि मला आनंद झाला. अजून होतो.

आठवड्याभरात अण्णासाहेब दारात आले.

"वहिनी, लोकं हासत्यात मला. नाव तेवढं काढा."

"बसा, भाऊजी. पोरी, पाणी दे यांना. नाव कसं काढू? तुमच्याआधी कुणी म्हटल्याचं मला माहीत नाही. असेल तर सांगा, त्याला वर घेते."

त्यांनी पेला खाली ठेवला. "आई म्हनली हुती. आदल्या राती. म्हनली, उद्या पंगतीत बोल."

बाईंनी पेन्सिल उचलली. "कुठे बसून?"

"चुलीपाशी."

"आणखी कोण होतं?"

"कोनी न्हाई. म्हातारी जाऊन लई वर्सं झाली, वहिनी. तिचंच नाव घाला. मी पोरगा हुतो तवा."

"दोन मुलांचे बाप होतात," बाई म्हणाल्या.

पुढच्या अंकात दुरुस्ती आली. "पहिला वापर: सासू, चुलीपाशी, आदल्या रात्री. माहिती देणारा: तिचा मुलगा." आणि पुन्हा पूर्ण नाव. पंगतीची नोंद जागची हलली नव्हती.

त्या अंकाच्या दोन प्रती बाईंनी मला पोस्टात टाकायला दिल्या. एक अण्णासाहेबांना होती. दुसरीवर त्यांच्या सुनेचं नाव होतं. तिचा नवरा त्या उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळला होता, याची चौकशी बाईंनी आधीच करून ठेवली होती.