अडतिसाव्या वर्षी जुळं

"दोन ठोके आहेत. ट्विन प्रेग्नन्सी," सोनोग्राफीच्या पडद्यावरची नजर न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे पोटात जुळं. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. माझं वय अडतीस, थोरली पोरगी दहावीला. आनंद-बिनंद काही झाला नाही, छातीत धस्स झालं.

"मलाच काहून, बाई?"

"पस्तिशीनंतर कधी कधी एका वेळी दोन बीजं सुटतात. शिवाय वंशावर, घराण्यावरही असतं. आफ्रिकेतल्या काही लोकांत जुळी पुष्कळ, जपानकडे कमी. तुमच्या आईकडे कुणाला होती?"

माझ्या मावशीला होती.

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावला घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, निकाल वेगळाच लावला. "जोडकेळं खाल्लं असशील!" नव्हतं खाल्लं, पण ऐकतंय कोण?

त्यातून आमच्याकडची समजूत अशी, की बाईनं पोटभर खाल्लं की लेकरू मोठं होतं अन् बाळंतपणात अडतं. इथं तर दोन. माझी भाकर अर्ध्यावर आली. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. त्यांची बहीण बाळंतपणात अडूनच गेली होती. त्या भ्यायल्या होत्या आणि मीही भिऊन गप्प बसले. तुमच्यावर अशी वेळ आली तर गप्प बसू नका.

सातव्या महिन्यात डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. आत्याबाईंसोबत जीपनं पुन्हा हिंगोली. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातली लाली, फार उतरलं होतं. दुसऱ्या तपासणीसाठी बाकड्यावर बसून मी पोटातली हालचाल मोजत होते. डावी बाजू जरा शांत झाली की जीव खालीवर व्हायचा.

तपासून डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंनाच विचारलं, "एका बाळाची वाढ मागे पडली आहे. हिला नीट जेवायला देता ना?"

माझा तोल सुटला. "आत्याबाई, शेळीच्या पोटात दोन पिल्लं दिसली की तुमी तिला भरडा वाढवता. मंग मला काहून अर्धी भाकर?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून मी नको म्हणेपर्यंत त्या वाढत राहिल्या.

मला रक्त चढवलं. आठव्या महिन्याअखेर पोरगा झाला, मागून पोरगी. ती एवढीशी, रडलीसुद्धा नाही. बारा दिवस काचेच्या पेटीत होती. रोज सकाळी नर्सचं तोंड बघायचं आणि मगच श्वास सोडायचा. रात्ररात्र पेटीवर लक्ष ठेवणाऱ्या त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

तेराव्या दिवशी पोरगी आत्याबाईंच्या मांडीवर दिली. त्या तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "माफ कर गं माय. तुझ्या वाटणीचं मीच काढून घेतलं व्हतं."