फक्त आपली माणसं

आमच्या गल्लीतला रिक्षावाला हरिबा मूळचा सांगोल्याकडचा. बापाने जन्मभर मेंढरं राखली, हा सोलापुरात सवाऱ्या वाहतो. शहराने त्याला चार भाषा शिकवल्या, पण चारही भाषांत तो शिकला फक्त होकार. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांना 'अवुनु', बाळीवेशीत कानडी 'हौद्री', विजापूर वेशीत दखनी 'हौ' आणि घरी बायकोला 'व्हय'. त्यामुळे अर्धं शहर त्याच्या रिक्षातून फुकट फिरतं आणि वर त्याला आपला माणूस म्हणतं.

त्याच्या मुलीला, सुकन्याला, पुण्याचं स्थळ आलं. जातीतलंच, पण पुण्यात राहून सुधारलेलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे तिने मला स्वतः सांगितलं. पाहुणे म्हणाले, आधी शहर दाखवा. हरिबाने किल्ला दाखवला, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ दाखवलं, दर्ग्यापाशी थांबवलं, विणकरांच्या गल्लीत नेऊन साड्या उलगडायला लावल्या. मुलाचे वडील जागोजागी मोबाईल उंच धरून 'संस्कृतींचा संगम' असं काहीबाही बोलत होते. हा संगम आम्ही रोज नळावर पाहतो, भांडणासकट. त्याचे फोटो कुणी काढत नाही.

घरी शेजारच्या गंगम्माने हुग्गी केली होती. सुकन्या लहानपणी तापाने फणफणली की हीच उशाशी बसायची. पाहुण्यांनी गव्हाची ती खीर दोनदा मागून घेतली. मग मुलाच्या वडिलांनी विषय काढला. मुलगी पसंत आहे, देणंघेणं काही नको, अट एकच: लग्नाला फक्त आपली माणसं हवीत. आमच्याकडे मोठमोठे लोक येणार, सगळ्या प्रकारची गर्दी बरी दिसत नाही. बोलताना त्यांची नजर गंगम्मावरून दाराबाहेर गेली. तिथे विणकर नरसय्या आणि गॅरेजवाले मैनुद्दीनभाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते.

हरिबाने तोंड उघडलं. आता 'व्हय' येणार हे ठाऊक असल्याने मला त्याचा भयंकर राग आला. पण त्याने आधी मुलीकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि मान हलवली, आडवी.

"मग न्हाय जमायचं," तो म्हणाला. "आमची मानसं लई हायती."

पाहुणे गेल्यावर सुकन्या रडली, गंगम्माही रडली. पेढ्यांचा पुडा कुणी उघडेना. शेवटी मीच उघडला आणि पहिला पेढा हरिबाच्या तोंडात कोंबला. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला होता बिचारा, त्याचं तोंड कडू पडलं होतं.