बोरीचे मासे, बसम्माची बारव

सोलापूरहून गुलबर्ग्याला जायचं तर शहाणा माणूस आगगाडीत बसतो. खिडकीशी जागा मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी संध्याकाळचा चहा आपल्या घरी. पण आमच्या ह्यांचं सगळं शहाणपण पाण्यात. हे निजाम सरकारच्या आरोग्य खात्यात पाणी तपासायला आहेत. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटलीत भरायचं, काचेखाली बघायचं आणि मग जेवताना त्याबद्दल बोलायचं, असा ह्यांचा संसार. मी माहेरी सोलापुरात होते. हे न्यायला आले ते दोन रिकाम्या मातीच्या घागरी घेऊन. आई मला आत बोलावून म्हणाली, "जावईबापू लेकीला न्यायला आलेत की पाणी भरायला?"

"आपण नळदुर्गावरून जाऊ," हे म्हणाले. "बोरी नदीचे मासे घ्यायचेत. विहिरीत सोडायला."

नारू ज्याला ठाऊक नाही तो भाग्यवान. पायाला फोड येतो, फुटतो, आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर पडू लागतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने खाटेवर. ह्याचं मूळ पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहतात, दुखऱ्या पायातल्या किड्याचं बी पाण्यात जातं, पाण्यातले टिपक्याएवढे जीव ते गिळतात, आणि ते जीव आपण गिळतो. लहान मासे हे टिपके आवडीनं खातात, म्हणून ह्यांना मासे हवे होते. आणि मला? मला नळदुर्गचा पाणीमहाल बघायचा होता. लग्न झाल्यापासून नुसतं 'दाखवतो, दाखवतो' चाललं होतं.

सकाळी मोटारस्टँडवर गेलो. लढाईमुळे पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर. तुम्ही जाणार असाल तर पांढरं लुगडं नेसू नका, एवढंच सांगते. चढ आला की गाडी दमायची, आम्ही खाली उतरायचो, पुरुष मागून रेटायचे. मी घागरी पोटाशी धरून मागून चालायची. दोन्ही बाजूंना कंबरेएवढी ज्वारी, मधून करडईचे पट्टे, आणि धुकं अजून उठलेलं नव्हतं. गाडी पुढं, आवाज मागं, आणि आपण मध्ये कुठं तरी, असं वाटत होतं. पुन्हा गाडीत बसावंसंच वाटेना.

सरहद्दीच्या नाक्यावर निजामाचा कारकून आला. कापड, साखर, काडेपेट्या सगळ्यांवर त्याचा डोळा. ह्यांची सूक्ष्मदर्शकाची पेटी बघून तो थबकला.

"इसमें क्या है?"

ह्यांनी पेटी उघडली, त्याच्याच सुरईतला थेंब काचेवर घेतला आणि म्हणाले, "देखिए."

कारकून वाकला. बराच वेळ वाकलेलाच. मग हळूच म्हणाला, "ये सब मैं पी रहा हूं क्या साब?"

"हौ," आमचे हे खुशीत म्हणाले. कारकुनानं सुरई नाक्यामागं नेऊन ओतली आणि आमची बोचकी न उघडताच आम्हाला सोडलं. जाता जाता एक सांगते, आपले कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये असतील तर थोडे इथंच हाली शिक्क्यात, निजामाच्या नाण्यांत, बदलून घ्या. पुढं चहावाल्याशी हुज्जत नको.

दुपारी नळदुर्ग. किल्ल्यात नदीच अडवून घेतलीय, आणि त्या बांधाच्या पोटात महाल. पावसाळ्यात खिडकीसमोर पाण्याचा पडदा पडतो म्हणतात. आम्ही पौषात गेलो, तेव्हा धार बारीक होती. पण म्हणून काय झालं! आत शिरलं की गार अंधार, भिंतीतून झिरपणारा आवाज, आणि खिडकीतून येऊन छतावर हलणारा हिरवट उजेड. मी खाली बसले. आपण माणूस आहोत, आपलं घर आहे, डब्यात पीठ संपलंय, सगळं विसरले. हे जवळ येऊन बसले. मला वाटलं, आता काही तरी गोड बोलतील. म्हणाले, "वाहतं पाणी. नारूचं भय नाही."

कपाळ माझं!

मासे एका भोयानं धरून दिले. बोटाएवढे, चंदेरी. तो सारखा म्हणत होता, "साहेब, मोठं घ्या की. ह्याचं कालवण बी व्हायचं न्हाय." घागरी भरल्या, तोंडाला फडकं बांधलं, आणि मला काम मिळालं. पाण्यात वारा राहिला पाहिजे म्हणून थोड्या थोड्या वेळानं तांब्याभर पाणी काढायचं आणि उंचावरून परत ओतायचं.

दुसऱ्या दिवशी भाड्याची बैलगाडी केली. जळकोटपर्यंत सडक आहे, तिथून आत गाडीवाट. खाली कडब्याची गादी, माझ्या दोन्ही बाजूंना घागरी, बैलांच्या घुंगरांचा एकच ठेका, आणि आत पाणी डुबुक डुबुक. तांब्यानं पाणी ओतता ओतता माझा डोळा लागायचा. स्वप्नात मीच पाण्यात, आणि वरून कुणी तरी मला वारा घालतंय. जागी झाले की फडकं सोडून बघायची, आहेत ना सगळे. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायचे. माया लागायला वेळ लागतो का? मला तर दुपारपर्यंत लागली.

पहिल्या गावच्या पाटलांनी मोठा मान दिला. बारवेवर सगळा गाव जमला. ह्यांनी समजावून सांगितलं, एका घागरीतले मासे पाण्यात सोडले. दुहेरी फडक्यानं पाणी गाळून प्या, असंही सांगितलं. तेव्हा एक म्हातारी मागून म्हणाली, "अंगाला कापड न्हाय, कंट्रोलनं जीव खाल्लाय. घागरीला कुठलं आणू?"  

दुसऱ्या दिवशी दुपारी निघण्याआधी पाटलांनी पंगत मांडली. भाकरी, कांदा, आणि वाटीत लालभडक रस्सा. पाटील हात जोडून म्हणाले, "पयला मान तुमचा साहेब. सरकारनं गावाला मासं धाडलं, लई उपकार झाले. बारके हायेत, पण चव हाय."

ह्यांनी वाटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाला लावला, हसू येतंय की रडू ते मलाच कळेना. बिचाऱ्यांचं काय चुकलं? सरकार गावात काही आणून सोडतं ते खाण्यासाठी नाही तर कशासाठी? "तुम्ही काल बोललात ते कळलं न्हाय व्हय आमाला?" पाटील पुन्हा म्हणाले, "पाण्यात ठिवून ताजं राहतंय, तेच ना?"

खाल्लं का, विचाराल. खाल्लं. अन्नाला नाही म्हणायचं नाही. रस्सा झकास होता, आणि हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आता उरली एक घागर. ती पुढं उमरग्याजवळच्या गावाला द्यायची होती. वाटेत दुसऱ्या रात्री जिथं मुक्काम पडला त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नारूचं गाव म्हणून आधीच तिथं मुली द्यायला लोक कचरतात. बहुतेक घरं लिंगायतांची, बोलणं निम्मं कानडी. आम्ही चावडीत उतरणार होतो, पण बसम्मा नावाच्या बाईनं मला बघितलं आणि हाताला धरून घरी नेलं. "बर्री अक्का, घरला या. चावडीत बाईमाणूस कुठं झोपतंय?" बसम्मा विधवा, शेत स्वतःच बघायची. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पुंडीची भाजी, म्हणजे आपली अंबाडी. या बाजूला आलात तर ही भाजी मागून घ्या, लाजू नका.

सोप्यात खाटेवर तिची मुलगी गौरा पडली होती. दहा-अकरा वर्षांची. घोट्याला लिंबाचा पाला बांधलेला, त्यातून काडी बाहेर आलेली. तिच्या वयाच्या मुली दारात लंगडी खेळत होत्या, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"हे तिसरं साल," बसम्मा म्हणाली. "एकदा ह्या पायाला, एकदा त्या. पोरगी चालायचीच इसरली."

मी घागरीतलं पाणी ओतायला लागले तशी गौरानं मान वळवली. "मीनु!" ती ओरडली. मासे! खाटेवरून हात लांब करून तिनं घागरीत बोटं घातली. मासे बोटांना टोचू लागले आणि ती खिदळली. बसम्मा दारात थांबून बघतच राहिली.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "अहो, ही घागर इथंच द्या."

"अगं, लिंगायतांचं गाव आहे. त्या पाण्यानं लिंगाची पूजा होते. मासे सोडलेले कसे खपतील?"

"खपोत न खपोत, खाणार तर नाहीत ना?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग दोन दिवसांनी पहिल्यांदा हसले.

सकाळी बारवेवर माणसं जमली. ह्यांनी भीत भीत विषय काढला. सोवळ्याचं कुणी तोंडातून काढलं नाही. बसम्मानं विचारलं ते वेगळंच.

"साहेब, चैत-वैशाखात बारव तळाला जातीया. मग ह्या जीवांचं काय? आणून सोडायचं आन मराया ठिवायचं, ते पाप कुणाला?"

हे वही चाळू लागले. बसम्मा स्वतःच म्हणाली, "बघू. माझ्या दारात दगडी डोण हाय, जनावरांची. तीत ठेवीन. पर एक सांगा खरं खरं. मासं सोडलं तर येत्या उन्हाळ्यात माझ्या पोरीला नारू येणार न्हाय ना?"

सगळा गाव ह्यांच्या तोंडाकडे बघू लागला. नुसतं "नाही" म्हटलं असतं तर काम झालं होतं.

"येईल," हे म्हणाले. "गेल्या वर्षी प्यालेल्या पाण्यातला किडा अंगात आहे, बाहेर पडायला त्याला वर्ष लागतं. येता उन्हाळा नारू येणार. गुण दिसेल तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

गर्दीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "मग उपेग काय?" मला तर ह्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. चार माणसांत, लेकराच्या आईला, असं बोलतात? बसम्मा पुढं झाली. घागर उचलली, पायऱ्या उतरली आणि स्वतःच्या हातानं मासे पाण्यात सोडले. वरून आम्हाला चंदेरी लकेर दिसली, मग नुसतं हिरवं पाणी.

पुढं उमरगा, तिथून मोटार, आणि गुलबर्गा. वाटभर मी ह्यांच्याशी भांडले. "खोटं नका बोलू, पण सगळं खरं कशाला बोलायचं? वैशाखात त्या पोरीला पुन्हा नारू आला की गाव मासे काढून उकिरड्यावर टाकेल." हे म्हणाले, "टाकतील." एवढंच. खिडकीबाहेर कापूस, तूर, मग रेल्वेचे रूळ, आणि मग आमचं घर. माझ्या मांडीवर रिकामी घागर.

त्यानंतरचा उन्हाळा मला गोड लागला नाही. माठातलं पाणी ओतताना बसम्माची डोण आठवायची. दुपारी डोळा लागला की तेच: बैलांची घुंगरं, पाण्याचा डुबुक आवाज, आणि मी फडकं सोडून बघतेय तर आत काहीच नाही. पत्र लिहायचं तर बसम्माला वाचता येत नाही. ह्यांची बदली कचेरीतल्या कामावर झाली होती, त्यामुळं गावाकडे फेरीही नाही. आणखी एक उन्हाळा असाच गेला. विचारायची सोय नव्हती आणि विसरायचीही.

श्रावणात आमच्या गुलबर्ग्याला देवदर्शनासाठी गावोगावचे लोक येतात. एका सोमवारी दारातून हाक आली. "अक्का हायेत का?" बघते तर बसम्मा! खांद्यावर बोचकं, कपाळाला भस्म, पाणीवाल्या साहेबांचं घर विचारत आलेली. मी तिला आत ओढलं. पाणी दिलं तर ती हसून म्हणाली, "गाळलंय न्हवं?" आमचे हे कोट अर्धा घालून बाहेर आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. विचारायचं त्यांना धैर्य होईना. मीच विचारलं.

"पयल्या उन्हाळ्यात गौराला आला की," बसम्मा म्हणाली. "डाव्या पायाला. आणिक चार घरांत आला. पंच म्हणाले, मासं अपशकुनी, काढून टाका. बारव आटली होती, मासं माझ्या डोणीत होतं. म्या डोणीपाशी बसले. म्हटलं, साहेब खोटा असता तर 'येणार न्हाय' म्हणाला असता आन मान घेऊन गेला असता. त्यानं तोंडावर सांगितलं, येणार. आलाच की! मग पुढचं बी त्याचं खरं धरा, एक साल थांबा."

 कोटाचं एक बटण लावायचं, पुन्हा काढायचं, असं ह्यांचं चाललं होतं.  वाटभर केलेलं भांडण मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असणार.

"आणि औंदा?" मी विचारलं. "गौरा कुठाय?"

बसम्मानं मागं वळून दाराकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काय सांगू अक्का, हितवर माझ्या संगं होती. गेली वाटतं पुन्हा रस्त्यावर. नुसती भटकती कार्टी. जरा म्हणून घरात पाय टिकत न्हाय तिचा!"

बोलली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. बाहेर गल्लीतल्या पोरींचा गलका चालला होता, आणि त्यात एक कानडी आवाज सगळ्यांच्या वर होता.