टोपीला हात, कोपराला हात

उधन्याच्या एका टपरीवर मी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघायचो. रात्रपाळी संपवून आलेले, कापड विणायच्या लूमवर काम करणारे एक काका तिथे रोज बसलेले असायचे. भुवयांवर धाग्यांची पांढरी धूळ, हातातला चहा गार होत चाललेला आणि नजर मोबाइलवरच्या अमेरिकेतल्या बेसबॉलवर. दोन हाडवैरी संघ होते; सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे जाणार होता. मोबाइलचा आवाज मात्र कायम बंद.

एकदा न राहवून मी विचारलं, "काका, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"मला कुठे खेळ समजतो, भाऊ!" त्यांनी मैदानाच्या कडेला उभा असलेला पांढऱ्या मिशांचा प्रशिक्षक दाखवला. तो टोपीला हात लावायचा, मग कोपराला, मग छातीला. आणि लांबचा खेळाडू धावत सुटायचा. "बघा, तोंड न उघडता बोलतो. लूमच्या खडखडाटात आम्हीबी असंच बोलतो. मला वाटायचं, ही बोली फक्त आमचीच."

तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातव्या सामन्याच्या दिवशी मी बस जाऊ दिली. मिशीवाल्याचा संघ हरला. खेळाडू आत निघून गेले आणि तो एकटाच कठड्याला टेकून उभा राहिला.

काकांनी मोबाइल फळीवर उभा केला, त्याच्यासमोर दोन बोटं एकमेकांवर घासली आणि तळवा पुढे ढकलला.

"काय सांगितलंत त्याला?"

"धागा तुटला की शेजारच्याला सांगतो, तेच. गाठ मार, चालू कर."